चिन्मयीच्या चेहऱ्याबद्दल

रांझी, जबलपूर
८ जुलै २०२४

श्री. पियूषराव यांस,
नमस्कार.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या अमिताच्या तेरवीला चारचौघांत मी तुम्हाला जे बोललो, त्यानंतर तुमच्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता. म्हणून इटारसीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं लिहीत आहे. काम माझं नाही, तुमच्या मुलीचं आहे.

चिन्मयीच्या चेहऱ्यावर जानेवारीपासून मुरुम येत आहेत. या वयात येतात, म्हणून सुरुवातीला लक्ष दिलं नाही. आता साधे मुरुम राहिले नाहीत. गालावर आणि जबड्याच्या कडेला आतून गाठी होतात, दुखतात, आणि बसल्या की खड्डा ठेवून जातात. ती डाव्या कुशीवर झोपू शकत नाही.

शेजारच्या वसुधाबाई म्हणतात तेलकट खाण्यानं होतं. पण अमिता गेल्यापासून आमच्याकडे कढई चढलेली नाही. वर्ष होईपर्यंत तळण करायचं नाही हा रिवाज मी पाळून आहे. पोळी, वरण, साधी भाजी, एवढंच. तरी चेहरा तसाच. मग उष्णता म्हणून सब्जा झाला, कडुनिंबाचा पाला वाटून लावला, मुलतानी माती झाली. मध्यंतरी कोणीतरी एक क्रीम दिलं होतं, त्यानं थोडं बिघडलं.

मे महिन्यात तिला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉ. हर्षा म्हणून आहेत, तरुण आहेत पण नीट समजावून सांगतात. त्यांनी आधीचं सगळं बंद करायला लावलं. तोंड धुवायला एक औषधी साबण, सकाळी उन्हाचं क्रीम, रात्री वाटाण्याएवढं एक मलम, आणि दोन महिने रोज एक गोळी. लहान मुरुम कमी झाले. गाठी गेल्या नाहीत. आता त्या एक वेगळी कॅप्सूल सुरू करायची म्हणतात. सहा ते आठ महिने घ्यावी लागते. आधी रक्त तपासतात, मग मधूनमधून तपासतात. ओठ फार सुकतात, पण गाठींवर याच औषधाचा खरा उपयोग होतो आणि खड्डे पडायचे थांबतात, असं त्यांचं म्हणणं.

ती अठरा वर्षांची व्हायला फेब्रुवारी उजाडेल, म्हणून त्यांच्या दवाखान्याच्या फॉर्मवर वडिलांची सही लागते. फॉर्म सोबत आहे. पेन्सिलीनं फुली केलेल्या ठिकाणी सही करावी. बाकी रकाने भरलेले आहेत. परतीचं पाकीटही ठेवलं आहे.

ती तुमच्या मेसेजला उत्तर देत नाही, हे मला माहीत आहे. बारावीचं वर्ष आहे, वेळ मिळत नाही.

आपला,
शालिग्राम ठवरे


रांझी
२४ जुलै २०२४

श्री. पियूषराव,

फॉर्म परत मिळाला. सही नाही, चिठ्ठी नाही. फक्त सहाव्या रकान्याभोवती लाल पेनानं गोल. पाकीट मी दारातच उघडलं, म्हणून ते चिन्मयीनं पाहिलं नाही.

तुमचा राग मला समजतो. पण त्यासाठी मुलीचं औषध अडवणं बरोबर नाही.

त्या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं, ते कसं लिहिलं गेलं ते सांगतो. डॉक्टरांच्या टेबलासमोर आम्ही शेजारी बसलो होतो. फॉर्म हिंदीत, माझा चष्मा घरी राहिलेला. चिन्मयी एकेक प्रश्न वाचत होती आणि मी सांगेन ते लिहीत होती. लिव्हरचा आजार? नाही. शुगर? नाही. मग तिनं वाचलं, "परिवार में किसी को डिप्रेशन, मानसिक रोग, या आत्महत्या?" आणि स्वतःच म्हणाली, "हे तर नाहीच ना, नाना." माझ्याकडे पाहून राहिली. मी म्हणालो, नाही. ती 'नहीं' लिहायला गेली. मी पेन घेतला आणि माझ्या हातानं 'निरंक' लिहिलं.

तिला माहीत आहे की तिची आई हार्टनं गेली. सगळ्यांना तेच माहीत आहे. तुम्ही सोडून.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, मुरुमांचा आणि या प्रश्नाचा संबंध काय. त्या म्हणाल्या, "अंकल, सबको नहीं होता. ज़्यादातर बच्चों को कुछ नहीं होता। चेहरा ठीक होता है तो मन भी ठीक हो जाता है। पर किसी-किसी का मन गिरता है, इसलिए हम पूछ के चलते हैं।" म्हणजे नुसतं विचारून ठेवायचं असतं. पक्कं काही नाही. मग कशाला उगाच?

एकतीस वर्षं मी खमरियाच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली. दोष आढळला नाही की शेवटच्या रकान्यात 'निरंक' लिहायचं आणि सही करायची. न पाहता मी तो शब्द कधी लिहिला नाही. त्या दिवशी मी पाहूनच लिहिला. हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच लिहितो.

आणखी एक. मागच्या पत्रात क्रीम 'कोणीतरी दिलं' असं लिहिलं होतं. नाव वसुधाबाईंनी सांगितलं, पण आणलं मी. त्या म्हणाल्या, "काहून भाऊजी, पोरीले असं झाकून ठेवता? एक ट्यूब आणा, आठ दिवसांत चेहरा लखलख." गोहलपूरला मिक्सर दुरुस्तीला टाकला होता, तिथल्याच एका मेडिकलमधून घेतली. डॉक्टरांची चिठ्ठी कोणी मागितली नाही. आठ दिवसांत खरंच फरक पडला. चिन्मयी आरशात पाहून हसली, कितीतरी महिन्यांनी. मी आणखी दोन ट्यूब आणून ठेवल्या. एप्रिलमध्ये संपल्या तेव्हा एक दिवस लावली नाही, तर चेहरा लाल, आग होणारा, आधीपेक्षा दुप्पट. डॉक्टरांनी रिकामी ट्यूब हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, यात स्टिरॉइड आहे, हे मुरुमांचं औषधच नाही, वरवर शांत करतं आणि आत चेहरा पातळ करतं. "किसने दिया ये?" चिन्मयी म्हणाली, "पड़ोस की आंटी ने." माझं नाव तिनं घेतलं नाही. मी पण घेतलं नाही.

ती आता दुपट्टा बांधून क्लासला जाते. मागच्या आठवड्यात तीनच दिवस गेली. वर्गातल्या कोणीतरी तिला म्हटलं, "तेरे फेस पे तो भेड़ाघाट की चट्टानें हैं." मला तिनं हसत सांगितलं. मी पण हसलो, आणि नंतर बाहेर जाऊन उभा राहिलो.

कोरा फॉर्म पुन्हा पाठवत नाही. तोच परत पाठवतो. कृपया सही करा.

शालिग्राम ठवरे


रांझी
२ ऑगस्ट २०२४

पियूषराव,

तुमचं उत्तर नाही. फॉर्मही नाही. या वेळी मी सही मागण्यासाठी लिहीत नाही.

चिन्मयी पाच दिवसांपासून क्लासला गेली नाही. दुपारी पडदा ओढून झोपते. हाक मारली की "आती हूँ, नाना" म्हणते आणि येत नाही. परवा सिहोऱ्याहून माझी बहीण पुष्पा आली होती. तिनं ताट वाढलं तर चिन्मयी अर्धं ठेवून उठली. पुष्पा म्हणाली, "वय आहे तिचं. चेहऱ्याचं दुःख करून राहिली आहे, दुसरं काय." असेल. मुलीचा चेहरा असा झाला तर तिला वाईट वाटणारच.

पण मला ते ओळखता येत नाही. चेहऱ्याचं वाईट वाटणं कोणतं आणि दुसरं कोणतं, हे मला कळत नाही. मागच्या वर्षी आठ महिने अमिता याच घरात होती. तुमची इटारसीला बदली झाली, चिन्मयीची शाळा इथे, म्हणून दोघी माझ्याकडे आल्या. मी रोज तिला पाहत होतो. मला वाटायचं थकली आहे. तुम्ही शनिवारी यायचे, रविवारी जायचे, आणि तुम्हाला दिसायचं.

आता जे लिहितो ते मी कोणाला बोललेलो नाही.

ती आली तेव्हा तिच्या पर्समध्ये गोळ्या होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "पियूष डॉक्टरकडे घेऊन जातात, बाबा. दीड वर्ष झालं." मी विचारलं कोणता डॉक्टर. तिनं सांगितलं. मी म्हणालो, "तुला काय झालं आहे? पागलांच्या डॉक्टरकडे कोणी तुला जाताना पाहिलं तर? उद्या चिन्मयीच्या लग्नाला हेच निघेल." ती म्हणाली, गोळ्यांनी बरं वाटतं. मी म्हणालो, बरं तर सकाळी फिरल्यानंही वाटतं. हे एकदा नाही. महिनोन् महिने. तिचं वजन वाढलं होतं, ते दाखवून म्हणायचो. दुपारी डोळा लागायचा, ते दाखवून म्हणायचो. मी ओरडलो नाही. तुम्हाला माहीत आहे, मी ओरडत नाही. शांतपणे म्हणायचो, म्हणून ती ऐकायची.

सप्टेंबरच्या शेवटी तिनं उरलेली पाकिटं माझ्या हातात आणून दिली. म्हणाली, "घ्या बाबा, बंद केल्या." मला आनंद झाला. मुलीनं माझं ऐकलं. पाकिटं मी माझ्या कपाटात ठेवली आणि तिला म्हणालो, पियूषरावांना आत्ताच सांगू नकोस, दिवाळीला चांगली झालेली दिसलीस की त्यांना आपोआप कळेल.

दिवाळीनंतर नवव्या दिवशी तिनं स्वतःचं आयुष्य संपवलं.

तेरवीला तुम्ही सगळ्यांसमोर एवढंच विचारलं होतं, "तिच्या गोळ्या कोणी बंद केल्या?" आणि मी म्हणालो, हा माणूस खोटं बोलतो, माझ्या मुलीला कधी कुठल्या गोळ्या नव्हत्या, स्वतः लक्ष दिलं नाही आणि मेलेल्या बाईला पागल ठरवतो. चिन्मयी दारात उभी होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चप्पल घातली. पाकिटं तेव्हा त्याच खोलीतल्या कपाटात होती. तुम्ही तिथेच तिच्या आजाराचं आणि मरणाचं खरं सांगू शकत होते, ते केलं नाही. मुलीसमोर बोलायचं नव्हतं म्हणून गप्प बसलात, हे मला त्या क्षणीच कळलं होतं. मी त्याचा फायदा घेतला.

ती तुमच्या मेसेजला उत्तर देत नाही ते बारावीमुळे नाही. पापा आईबद्दल वाईट बोलतात, असं मी तिला सांगितलं होतं.

माफी मागायला मला जमत नाही आणि तुम्ही ती द्यावी असंही नाही. मला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती तुमच्याशिवाय कोणाला विचारता येत नाही. अमिताच्या बाबतीत तुम्हाला पहिल्यांदा काय दिसलं होतं? अगदी सुरुवातीला. डॉक्टरकडे न्यायचं ठरवण्याच्याही आधी. ते मला लिहून पाठवा. मी ते वाचून चिन्मयीकडे पाहीन.

शालिग्राम


रांझी
१९ ऑगस्ट २०२४

पियूषराव,

तुमचं पत्र सहा तारखेला मिळालं, सोबत तो फॉर्मही. एवढ्या लवकर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. मला तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त विचारलं तेवढं लिहिलं. ते मी पुष्कळदा वाचलं.

तुम्ही लिहिलंत की भाजीत मीठ नसायचं आणि तिला ते खाताना कळायचं नाही. वाजणारा फोन समोर असून ती नुसती पाहायची. केस धुवायचे पुढे ढकलायची. आणि कशाचाच राग यायचा नाही, आधी तुमच्यावर चिडायची ती चिडणं बंद झालं, तेव्हा तुम्ही घाबरलात. हे शेवटचं मी कधी समजू शकलो नसतो. अमिता चिडेनाशी झाली तेव्हा मी पुष्पाला म्हणालो होतो, पोरगी आता शहाणी झाली.

सात तारखेला मी एकटा डॉ. हर्षांकडे गेलो. फॉर्म पुढे ठेवला आणि म्हणालो, सहाव्या रकान्यात मी खोटं लिहिलं आहे. त्यांनी खुर्ची जवळ घेतली. मी सगळं सांगितलं, कपाटासकट. मला वाटलं होतं आता औषध मिळणार नाही आणि वर ऐकून घ्यावं लागेल. त्या म्हणाल्या, औषध नाही असं नाही, पण मी आंधळेपणानं दिलं असतं. आधी मनाच्या डॉक्टरांनी मुलीला एकदा पाहायचं. हार्मोनची तपासणी करायची, तिकडून काही निघालं तर रस्ता वेगळा. तोपर्यंत साबण आणि मलम चालू. मनाचे डॉक्टर हो म्हणाले तर कॅप्सूल कमी प्रमाणात सुरू करायची आणि दर महिन्याला भेटायचं, चेहऱ्यासाठी नाही, तिच्याशी बोलण्यासाठी. "पर घर में किसी को पता होना चाहिए कि देखना क्या है. और अंकल, सबसे पहले उस बच्ची को पता होना चाहिए. नहीं तो वो खुद अपने को कैसे देखेगी?"

हे मला तुमच्या आधी करायचं नव्हतं. तुम्हाला विचारून, तुम्ही आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. पण नऊ तारखेला ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "डॉक्टर का फोन आया था. तुम्ही एकटे काहून गेले होते तिथे?"

मी सांगितलं. मला बोलता येत नाही, तरी सांगितलं. आईला दोन वर्षांपासून आजार होता, मनाचा. पापांना माहीत होतं, ते इलाज करत होते. गोळ्या मी बंद करायला लावल्या. हार्ट नव्हतं.

ती फ्रिजला टेकून उभी होती. म्हणाली, "मतलब मेरी वजह से नहीं?"

मला समजलं नाही. मी विचारलं, तुझ्यामुळे काहून?

म्हणाली, सिहोऱ्याला पुष्पाआजीकडे जायच्या दिवशी तिचं आईशी भांडण झालं होतं. आई जाऊ नको म्हणत होती. तिनं दार आपटलं आणि म्हणाली, तुम्हारे साथ तो कोई रह ही नहीं सकता. दोन दिवसांनी आई गेली. हार्टनं. "टेंशन से ही तो हार्ट अटैक आता है, नाना. सब बोलते हैं. मैंने दिया था टेंशन."

नऊ महिने, पियूषराव. शेजारच्या खोलीत. आणि तिला धक्का बसू नये म्हणून हार्ट मीच सांगितलं होतं.

मी म्हणालो, आजार तुझ्या भांडणाच्या कितीतरी आधीपासून होता. तिनं बोटांवर मोजलं. नववी, दहावी, अकरावी. "नववीत होता? आई माझं स्केटिंग पाहायला आली होती तेव्हा पण?" मला माहीत नव्हतं. "कोणतं औषध होतं? त्यानं बरं वाटत होतं का आईला? हसायची का?" मला माहीत नव्हतं. मग तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा ते पाहिलं. मुरुम, खड्डे, त्यावर मलमाचे पांढरे ठिपके, आणि राग. "आपने पापा को झूठा बोला. मेरे सामने. मैंने उनको ब्लॉक किया, नाना!" तिनं हातातला चमचा सिंकमध्ये फेकला. आवाज वसुधाबाईंपर्यंत गेला असेल. तुमच्या पत्रातली ओळ आठवली आणि मनात म्हणालो, चिडली, बरं झालं.

रडली नंतर, दार लावून. मी दाराबाहेर स्टूल घेऊन बसलो. मध्ये एकदा "आहेस ना?" विचारलं. आतून "हाँ, हाँ, हूँ" आलं, वैतागून.

दहा दिवस झाले, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. क्लासला जाते. बारा तारखेला मनाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो, रिक्षानं, दवाखान्याच्या दारात उतरून. तिथे आमच्या कॉलनीतले एक जण भेटले. त्यांनी विचारलं, इकडे कसे? मी सांगितलं, नातीला दाखवायला आणलं आहे. त्यांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. एवढंच झालं. एवढ्याला मी घाबरलो होतो.

डॉक्टरांचं म्हणणं, आज तिला आजार नाही, दुःख आहे, आणि ते तिला कोणाशी बोलायला मिळालं नाही. कॅप्सूल द्यायला त्यांची हरकत नाही, पण घरी लक्ष हवं. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, हार्मोनचेही. डॉ. हर्षांनी नवीन फॉर्म दिला आहे. या वेळी सगळे रकाने चिन्मयीनं स्वतः भरले. सहाव्यात तिनं लिहिलं आहे: माँ. त्यापुढे काही नाही.

फॉर्म मी पोस्टानं पाठवत नाही. सही तिला तुमच्याकडून समोर हवी आहे. काल म्हणाली, "पापा को बुला लो. मैंने अनब्लॉक किया है पर मुझसे बोला नहीं जा रहा." तिला तुम्हाला तुमच्याच तोंडून बरंच विचारायचं आहे. गोळ्यांचं, नववीचं, आई कधी हसायची त्याचं. मला विचारून उपयोग नाही हे तिला कळलं आहे.

डॉक्टरांनी शनिवार ३१ ऑगस्ट, सकाळी अकराची वेळ दिली आहे. इटारसीहून सकाळची गाडी धराल तर पोहोचायला उशीर होईल, म्हणून आदल्या दिवशी या. तुम्हाला या घरात राहणं जड जात असेल तर मी त्या दोन दिवसांसाठी पुष्पाकडे सिहोऱ्याला जाईन. बस दर अर्ध्या तासाला आहे, माझी काळजी करू नका. किल्ली चिन्मयीकडे असेल.

कपाटातली पाकिटं मी फेकलेली नाहीत. मागितलीत तर देईन, तुमच्या हातात किंवा तिच्या. ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. मी आता कोणाच्या गोळ्यांबद्दल काही ठरवणार नाही.

शालिग्राम